नऊ वाजून एकोणनव्वद मिनिटं

घड्याळाशी ज्याचा धंदा जोडलेला असतो त्याच्याकडे किस्से साठतातच. मिक्सर बिघडला तर माणूस तो दुरुस्त करून घेतो आणि विसरून जातो. पण घड्याळ चुकलं की कुणाची तरी एसटी चुकते, कुणाची शाळा भलत्या वेळी सुटते, कुणी देवळात एकटाच आरतीला उभा राहतो. मग ही मंडळी आम्हाला फोन करतात, आधी पूर्ण हकीकत सांगतात आणि मशीनचा बिघाड अगदी शेवटी. आमच्याकडे अशा हकीकतींचा इतका ढीग झालाय की मैत्रिणी भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "रेश्मा, नवीन काय चुकलं ते सांग."

आधी काम काय ते सांगते. मी राहते रोह्याला, माहेर खांब गावचं. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत टिपणीस सरांचं वर्कशॉप आहे, तिथे मी रोज एसटीनं जाते. शाळेची घंटा, कंपनीचा भोंगा, देवळातला नगारा, हे सगळं वेळेवर आपोआप वाजवणारी मशीनं आम्ही बनवतो. प्रत्येक मशीनमध्ये नखाएवढी घड्याळाची चिप असते. तिला स्वतःचा बटणसेल असतो, त्यामुळे लाइट गेली तरी ती आपली वेळ मोजत बसते. मशीन चालवणारी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम सरांनी स्वतः लिहिलेली आहे. त्या सिस्टिमच्या अगदी तळाशी एक तुकडा आहे, त्याचं काम एवढंच, की चिपला विचारायचं, किती वाजले? तो तुकडा गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

माझी आई खांबला शेजारपाजारी सांगते, "आमची पोर पेणला हाय. घड्याळ वाचते." एकदा एका काकीनं विचारलंच, "इतकी शिकली नि घड्याळच वाचते गो?"

आई म्हणाली, "आपण वाचतो ती वरनं. ही आतनं वाचते."

माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलेलं नाही.

*

मी कामाला लागले तेव्हा सरांनी एकच काम दिलं. म्हणाले, चिपमधून वेळ वाच आणि स्क्रीनवर दाखव, बाकी काही नको. सर तेव्हा साठीच्या आसपास होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन्सिल, आवाज इतका हळू की पंखा चालू असला तर जवळ जाऊन ऐकावं लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझा प्रोग्रॅम चालला. नऊ वाजून सात, नऊ वाजून आठ, नऊ वाजून नऊ. मी खूश. आणि पुढच्या मिनिटाला स्क्रीनवर आलं, नऊ वाजून सोळा. मधली सहा मिनिटं गायब. मी तशीच बसून राहिले. नऊ वाजून वीस मिनिटं झाली तर आकडा आला बत्तीस. शेवटी तर नऊ वाजून एकोणनव्वद मिनिटं झाली, आणि भिंतीवरच्या घड्याळात दहाचे ठोके पडले तेव्हा माझ्या मशीनमध्ये सोळा वाजले होते, म्हणजे दुपारचे चार.

सरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, "एकोणनव्वद. बरं," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

तीन दिवस मी त्यावर घालवले. चिप बदलली, वायर बदलली, सेल बदलला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उडी नेहमी सहाचीच पडते आणि दर दहाव्या आकड्यालाच पडते. ही चिप आकडा आपण कागदावर लिहितो तसा ठेवते, दहाचा अंक एका खणात आणि एकाचा अंक दुसऱ्या खणात. कॉम्प्युटर मात्र दोन्ही खण मिळून एकच संख्या समजतो, आणि त्याची मोजणी सोळाच्या पटीत. चिप बिचारी एकावर शून्य ठेवून दहा सांगत होती, माझा प्रोग्रॅम तेच सोळा म्हणून वाचत होता. दोन खण वेगळे करून वाचले, दोन ओळींचं काम, आणि वेळ सुतासारखी सरळ आली.

शेजारच्या टेबलावर सुगंधाताई सोल्डरिंग करायच्या. अजूनही करतात. पूर्वी त्या याच आळीतल्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायच्या, त्यामुळे त्यांचा हात असा स्थिर की चिपच्या केसाएवढ्या पायांना कथील लावताना बोटसुद्धा हलत नाही. सर बाहेर गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "तुझ्याआधी दोघं येऊन गेले. दोघांना सरांनी हेच काम दिलं होतं. एक म्हणाला चिप खराब हाय. दुसरा म्हणाला मशीन खराब हाय. माझं चुकलं म्हणणारी तू पहिली."

मी असं काही म्हणालेच नव्हते. मी सेल खराब आहे म्हणाले होते, तोही दोनदा. पण मी गप्प बसले. मला नोकरी हवी होती.

*

सुगंधाताईंचाच एक छोटा किस्सा.

आमच्या टेस्टिंगच्या बोर्डवर आठ बारीक लाल दिवे आहेत. चिपमधून जो आकडा येतो तो त्या दिव्यांवर दिसतो, कुठला पेटलेला, कुठला विझलेला. ते वाचायला मी शेजारी कागद ठेवायची. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांना यातलं कुणी काही शिकवलं नव्हतं.

एकदा मुंबईहून चिप विकणाऱ्या कंपनीचे एक इंजिनीअर आले होते. लॅपटॉप, दोन-तीन मोजायची यंत्रं, सगळा सरंजाम टेबलभर. चिप नेमका काय आकडा देतेय ते त्यांना यंत्रावर काही दिसेना. वायरी काढ, वायरी लाव, असं अर्धा तास चाललं. ताई आपल्या जागेवरून, मान वर न करता म्हणाल्या, "पंचेचाळीस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता सेहेचाळीस झाले."

ते गृहस्थ दिव्यांकडे पाहत राहिले. मग आदरानं त्यांनी विचारलं की मॅडम, आपलं शिक्षण कुठे झालं.

"इथंच, पलीकडच्या कारखान्यात," ताई म्हणाल्या. "डोळ्यांचं काम होतं माझ्याकडं."

*

आता शाळेची गोष्ट. ही चूक पूर्णपणे माझी होती.

रोह्याच्या आतल्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळा आहे, तिथे आमचं मशीन बसवलेलं होतं. शाळा सुटायची पावणेपाचला. एके दिवशी चारच्या ठोक्याला सुटल्याची घंटा झाली. मुलांनी दप्तरं भरली, गुरुजींनीही काही विचारलं नाही, कारण मशीनवर सगळ्यांचा विश्वास. पाच मिनिटांत शाळा रिकामी. मग हेडमास्तरांनी आपलं घड्याळ पाहिलं.

आमच्याकडे फोन आला. मी सगळा कोड वाचून काढला, काही सापडेना. एकदा घडलं, पुन्हा घडेना. असा बिघाड सगळ्यात वाईट. चौथ्या दिवशी सर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, तू चिपला आधी मिनिटं विचारतेस, मग तास. या दोन प्रश्नांच्या मधे काही घडू शकतं का, बघ.

घडू शकतं. तीन वाजून एकोणसाठ मिनिटं आणि एकोणसाठ सेकंदांना माझ्या प्रोग्रॅमनं मिनिटं विचारली. चिपनं सांगितलं एकोणसाठ. तेवढ्यात, डोळ्याची पापणीही लवणार नाही इतक्या वेळात, चार वाजले. मग प्रोग्रॅमनं तास विचारला, चिप म्हणाली चार. दोन्ही उत्तरं खरी, पण एकत्र केली की झाले चार एकोणसाठ. लाइट जाऊन-येऊन असते म्हणून मशीनला सांगून ठेवलेलं की घंटेची वेळ उलटून गेली असेल तर लगेच वाजव. त्यानं वाजवली. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी जुळून येईल असा योग, तो त्या शाळेच्या वाट्याला आला.

तेव्हापासून आमची सिस्टिम वेळ दोनदा वाचते. दोन्ही वेळा सारखी आली तरच खरी धरते, नाहीतर पुन्हा विचारते.

नवा प्रोग्रॅम घालायला आमचा प्रमोद म्हात्रे गेला. मशीनं बसवणं, दुरुस्त करणं, शिडीवर चढणं हे सगळं काम त्याचं. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा माणूस, कुठल्याही गावात गेला तरी दहा मिनिटांत तिथला होतो. संध्याकाळी तो परत आला आणि वहीचा एक घडी केलेला कागद त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. चौथीच्या सगळ्या मुलांच्या सह्या होत्या खाली. वर लिहिलं होतं, "मशीन चांगले आहे. कृपया दुरुस्त करू नये."

सरांनी तो कागद फाइलला लावला. 'ग्राहकांचे अभिप्राय' या फाइलला.

*

प्रमोदच्या मनगटावरच्या घड्याळाची गोष्ट मला फार आवडते.

एका जूनमध्ये त्यानं कोलाडच्या आसपासच्या सात शाळांत मशीनं बसवली. पहिल्यांदा चालू करताना चिपमध्ये वेळ हातानं भरावी लागते. मोबाइल खिशात, माणूस शिडीवर, तो मनगटच बघणार. प्रमोदनं आपल्या घड्याळावरून सातही शाळांत वेळ भरली.

दोन महिने कुणाची तक्रार नाही. मग एकदा सर फोनवर एका हेडमास्तरांशी बोलत होते, तेवढ्यात फोनमधून मधल्या सुट्टीची घंटा ऐकू आली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, अजून पाच मिनिटं बाकी होती. त्यांनी तसं सांगितलं तर हेडमास्तर म्हणाले, आमची वेळ चुकणं शक्य नाही, पलीकडच्या गावच्या शाळेशी रोज जुळते. ती जुळणारच होती. दोन्हीकडे प्रमोदच होता.

प्रमोदनं घड्याळ मिळवून बघितलं तर खरंच पाच मिनिटं पुढे. त्यानं बरोबर केलं. तीन दिवसांनी पुन्हा पाच मिनिटं पुढे. पुन्हा बरोबर केलं, पुन्हा तेच. शेवटी सुगंधाताईंनी ते उघडून पाहिलं आणि सांगितलं की घड्याळात काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमोद आला तो कान लाल करूनच. घरी त्यानं बायकोला सहज विचारलं होतं. वनिता तिचं नाव. ती आधी हसली, मग म्हणाली की लग्न झाल्यापासून ती हे करत आलीय. त्यानं घड्याळ बरोबर केलेलं दिसलं, की तो आंघोळीला गेल्यावर काटा पुन्हा पाच मिनिटं पुढे. हा माणूस काम संपल्याशिवाय निघायचा नाही, पण घड्याळात सहा वाजलेले दिसले की निघतो, हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

"ती म्हनते, पाच मिनटं तरी घराकडं लवकर वळता," प्रमोद म्हणाला, आणि सोल्डरिंगची वायर उगाचच गुंडाळायला लागला.

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी मला सांगितलं की एक छोटी डबी बनवू या, वर्कशॉपमध्ये वेळ मिळवलेली चिप तिच्यात ठेवू. प्रमोदनं ती मशीनला लावायची, वेळ आपोआप उतरेल, हातानं भरायचं कामच नको. आठवडाभरात मी ते लिहून दिलं.

डबी हातात घेऊन प्रमोदनं विचारलं, "मंग सर, ह्या घड्याळ आता बरोबर करू ना?"

"कशाला?" सर म्हणाले. "तुझं घड्याळ कुठे चुकतंय?"

*

कोलाडच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या देवळात आमचं नगाऱ्याचं मशीन आहे. तिथून तक्रार आली की लाइट गेली की मशीन वेडं होतं. चिपचा सेल संपला तर असं होतं. लाइट परत आली की तिला वाटतं आपला आत्ताच जन्म झाला, ती मध्यरात्रीचे बारा, एक जानेवारी दोन हजार, इथून मोजायला लागते. दुपारी बाराला लाइट आली तर काकड आरतीचा नगारा संध्याकाळी वाजतो.

प्रमोद जाऊन सेल बदलून आला. महिन्याभरात पुन्हा तक्रार. पुन्हा बदलला. हा सेल पाच-सहा वर्षं सहज जातो, म्हणून तिसऱ्यांदा मीही बरोबर गेले. बोर्डच सेल खातोय अशी मला भीती होती, म्हणजे चूक आमची.

मशीन उघडलं तर सेल संपलेला नव्हता. सेल नव्हताच. जागा रिकामी.

देवळाचं सगळं बघणारे गुरव आमच्यामागे उभे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. प्रमोदनं तोंड उघडायच्या आत त्यांनी खाली मान घालून सांगितलं की आपणच काढला. देवळाशेजारीच त्यांचं घर. पडवीत बाजेवर त्यांची म्हातारी आई पडली होती, तिला साखरेचा त्रास. बोट टोचून साखर बघायचं छोटं यंत्र कुणी नातेवाइकानं आणून दिलं होतं, त्याला हाच बटणसेल लागतो. गावातल्या दुकानात मिळत नाही. कोलाडला जायचं तर आईजवळ कोण बसणार? एकदा यंत्र बंद पडलं आणि म्हातारी बोलेनाशी झाली, तेव्हा त्यांनी धावत येऊन देवाचा सेल काढून नेला. मग तशी सवयच लागली.

"देवाला वेळ सांगाया मशीन लागत नाय," ते म्हणाले. "आयेची साखर सांगाया लागतं."

प्रमोद येताना वाटेत त्यांना काय काय सुनवायचं ते ठरवून आला होता. त्यानं बॅग उघडली, होती तेवढी सेलची पट्टी काढली आणि पडवीतल्या कोनाड्यात ठेवली. एक सेल तेवढा देवासाठी लावला.

परत येऊन मी सरांना सांगितलं. त्यानंतरच्या प्रत्येक मशीनमध्ये दोन सेलांची जागा आहे. एक चिपला जोडलेला, दुसरा कशालाच जोडलेला नाही, नुसता बसवलेला. मोठ्या कंपन्यांचे लोक ड्रॉइंग तपासताना विचारतात की ही दुसरी जागा कसली. आम्ही सांगतो, स्पेअर.

पण ड्रॉइंगमध्ये नीट बघितलं तर त्या जागेचं नाव छापलेलं दिसतं. सरांनीच टाकलंय ते. 'आये'.

*

माझे बाबा रोह्याजवळच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तीसेक वर्षं शिफ्ट केली. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ शोभेला होतं, खरं घड्याळ म्हणजे कंपनीचा भोंगा.

माझ्या लग्नाआधी त्या कंपनीनं जुना भोंगा काढून आमचं मशीन घेतलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. बाबांनी मात्र दीड महिन्यानं जेवताना सांगितलं, "तुझा भोंगा उशिरा वाजतो."

मी म्हणाले, शक्य नाही, महिनाभर टेस्ट केलेली चिप आहे. बाबा म्हणाले, असेल, पण उशिरा वाजतो. किती, असं विचारलं तर म्हणाले, अडीच मिनिटं. कशावरून? त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मी उठून उभा राहतो तेव्हा वाजायला पाहिजे. हल्ली उभं राहून वाट बघावी लागते."

त्यांना खोटं ठरवायला म्हणून मी वेळ मिळवायची डबी घेऊन कंपनीत गेले. मशीन अडीच मिनिटं मागे होतं. बसवणाऱ्यांनी ते बॉयलरच्या भिंतीला लावलं होतं, आणि चिपला ठोके पुरवणारा जो स्फटिक असतो तो कायम तापलेला राहिला की रोज थोडासा मागे पडतो. मशीन थंड भिंतीवर हलवलं. वेळ जुळली. बाबांनी जिंकल्याचा आव आणला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, "आज बरोबर."

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, सात ते तीन. कंपनीत विचारलं की काही इच्छा आहे का, तर यांनी सांगितलं, तीनचा भोंगा मला वाजवू द्या. मशीनवर टेस्टिंगचं एक लाल बटण असतं, तेवढंच हवं. मॅनेजरांनी सरांना फोन केला, सरांनी मला पाठवलं. मी त्या दिवसापुरता तीनचा आपोआप वाजणारा भोंगा बंद केला आणि लॅपटॉप चिपला जोडून बसले.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. बटणासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मागे त्यांच्या शिफ्टचे सगळे जमले होते. माझ्यासमोर सेकंद पळत होते आणि मी देवाचं नाव घेत होते, कारण हा माणूस पाच मिनिटांनी चुकला असता तर त्याचं तोंड मला बघवलं नसतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि बटण दाबलं.

भोंगा थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्क्रीनवर होतं, चौदा एकोणसाठ अठ्ठावन्न.

"दोन सेकंद आधी वाजवलात," मी म्हणाले.

बाबांनी खिशातून घड्याळ काढून मनगटावर बांधलं. "इतक्या वर्षांत दोन सेकंद लवकर सुटलो," ते म्हणाले. "चालेल."

*

टिपणीस सरांनी लग्न केलं नाही. ते आणि त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, असे दोघेच पेणला राहायचे. आप्पा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांना हात थरथरण्याचा आजार झाला. त्या आजारात गोळी अगदी वेळेवर लागते, अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. सरांनी त्यांच्यासाठी एक डबी बनवली. आमचीच चिप, आमचीच सिस्टिम. गोळीची वेळ झाली की डबी बारीक आवाजात वाजायची, गोळी घेतली की बटण दाबायचं.

सर रोज पावणेचारला घरी जायचे आणि पाचला परत यायचे. आम्हाला वाटायचं, या वयात जरा पाठ टेकत असतील.

गेल्या वर्षी आप्पा गेले. सर पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये आले नाहीत. आले त्या दिवशी नेहमीसारखे टेबलावर बसले, दोन बोर्ड तपासले. मग पिशवीतून ती डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"यातल्या गोळ्यांच्या वेळा काढशील?" ते म्हणाले.

ते काम त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमलं असतं. सगळी सिस्टिम त्यांनी लिहिलेली. मी काही न विचारता डबी लॅपटॉपला जोडली आणि ते आपल्या टेबलावर गेले.

चिपच्या पोटात वेळेशिवाय थोडी मोकळी जागा असते, सेल असेपर्यंत तिथे लिहिलेलं पुसलं जात नाही. वेळांची यादी सरांनी तिथे ठेवली होती, आणि शेवटची वीस-पंचवीस बटणं कधी दाबली त्याची नोंदही. ती नोंद मी वाचली. आप्पांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येक गोळीच्या वेळेला बटण दाबलेलं होतं. एकदाही उशीर नाही.

गोळ्यांच्या सहा वेळा होत्या. त्या मी एकेक करून काढल्या. सातवी वेळ दुपारी चारची होती. तिच्यापुढे गोळीचं नाव नव्हतं. सरांनी दोनच शब्द लिहिले होते, 'आप्पा, कोडं'.

मी सरांकडे गेले आणि विचारलं की चारची वेळ आहे एक, तिचं काय करू.

सरांनी हातातला बोर्ड खाली ठेवला. मग म्हणाले, "ती असू दे."

मी डबी त्यांच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी पावणेचारला ते उठले नाहीत. चार वाजले आणि डबी वाजायला लागली. प्रमोद शिडी पुसत होता, तो थांबला. सर उठले, त्यांनी बटण दाबलं. पिशवीतून घडी केलेलं वर्तमानपत्र काढलं, खिशाची पेन्सिल काढली, आणि स्टूल ओढून ते सुगंधाताईंच्या टेबलाशी जाऊन बसले.

"आडवा सात," ते म्हणाले. "तीन अक्षरी. एक आंबट पालेभाजी. मधलं अक्षर 'बा'."

ताईंनी सोल्डरिंगचा पेन स्टँडवर ठेवला. "अंबाडी," त्या म्हणाल्या.

सरांनी एकेका चौकोनात एकेक अक्षर सावकाश भरलं.

"आप्पाला भाजीतलं काही कळायचं नाही," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द वाचला.